थोरले भावजी, म्हैस आणि मरीआईचा गाडा

सुमे, इकडं ये. कागदावर का होईना, पण अशी माझ्याजवळ बस आणि कान पुढं कर, कारण तो पिळायचा आहे. परवा आक्काच्या लेकाच्या लग्नात भर पंगतीत केवढ्यानं हसलीस तू! का, तर आमचे थोरले दीर मला सांगायचं ते मांडवाच्या खांबाला म्हणाले, "खांबा, धाकटीला म्हनावं, वाढप बास झालं, आता जेवायला बस." माझ्या कडेवर वाढलेली भाची तू, चार वर्षं पुण्याला राहिलीस म्हणून काय चांगल्या माणसाला वेडं ठरवायचं? वेडे नाहीत गं ते. वेडी माणसं सोपी असतात, त्यांना समजून घ्यावं लागत नाही.

आता नीट ऐक. आमच्या शेवगावकडच्या मुलखात किती मामलेदार आले नि गेले, पण सरकारचं एकही म्हणणं न ऐकता आणि सरकारचा एकही कार्यक्रम न चुकवता ज्यानं उभा जन्म काढला, असा माणूस एकच, आणि तो देवानं माझ्या वाट्याला थोरला दीर म्हणून दिला. कोतवाल डफडं घेऊन दवंडी द्यायला निघाला की भावजी पायताण घालून त्याच्या मागं. कोतवालानं कोपऱ्यावर "ऐका हो ऐका" करून सरकारी हुकूम सांगायचा आणि यांनी लगेच पुढं होऊन म्हणायचं, "हे झालं सरकारचं. आता माझं ऐका." मग हुकूम कसा चुकीचा, त्यात कुणाचा फायदा, कुणाचा घोळ, सगळं. पुढं पुढं लोक कोतवालाचं होईस्तोवर जांभया द्यायचे आणि दुसऱ्या दवंडीला कान टवकारायचे. कोतवालही असा गुणी, की भावजींना ताप आला तर म्हणायचा, "दादा, आज दवंडी उद्यावर टाकू का?" हिवतापाची फवारणी करणारे आले, पांढरं पाणी मारून दारावर गेरूनं आपली तारीख लिहून गेले. भावजींनी खाली कोळशानं लिहिलं, "ढेकूण मेले नाहीत. पुन्हा येणे." आणि पुढच्या खेपेला ती माणसं आली तेव्हा त्यांना चहा दिल्याशिवाय सोडलं नाही, तेही भांडत भांडत.

म्हशीचं आता सांगते, म्हणजे खांबाचं कळेल. आमच्या घरची रीत अशी, की थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी तोंडातोंडी बोलायचं नाही. इतर घरांत मधे जाऊ असते, सासू असते, पोरंबाळं असतात. आमच्यात सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या, थोरल्या जाऊबाई वर्षाच्या आत गेल्या, आणि माझी लेक लहानपणापासून आजोळी, पुढं दिलीही तिकडं लांब, वैजापूरला. उरलो आम्ही तिघं, आणि तुझे काका दिवसभर रानात. मग भावजींनी वाट काढली. ओसरीच्या टोकाला म्हैस बांधलेली असायची, तिच्याकडं तोंड करून म्हणायचं, "म्हशे, आज कालवनात मीठ पडलंय का मिठात कालवन पडलंय?" मी दाराआडून म्हणायची, "म्हशे, त्यांना सांग, मीठ रोजचंच आहे, जीभ पारावर विसरून आलेत." भावजी खुशीत हसायचे आणि दुसरी भाकरी मागायचे, तीसुद्धा म्हशीलाच. वीस वर्षं, आधी त्या म्हशीच्या आईनं आणि मग त्या म्हशीनं, आमची सगळी बोलणी ऐकली. रवंथ करत ऐकायची बिचारी. इकडचं तिकडं नाही, एका शब्दाची भर नाही. असा मध्यस्थ माणसांत मिळत नाही.

पण दुष्काळ पडला आणि म्हैस गुरांच्या छावणीत न्यावी लागली. घरात चारा नव्हता, हौदात पाणी नव्हतं. पहिल्या दिवशी भावजी जेवायला बसले, ओसरीच्या टोकाकडं बघितलं, तिथं नुसता खुंटा. भाकरीचा घास हातातच. मला वाटलं, आता हा माणूस मुका होणार. मग घसा खाकरला आणि म्हणाले, "खुंट्या, ताक न्हाई का रं आज?" मी म्हटलं, "खुंट्या, म्हैसच नाही तर ताक कुठलं?" झालं. खुंट्याशी बोलणं सुरू.

त्याच उन्हाळ्यात पटकी आली, तुम्ही कॉलरा म्हणता ती. विहीर तळाला गेलेली, गढूळ पाणी गाळून प्यायचं, आणि शेजारच्या दोन गावांत हगवण-वांतीनं माणसं दगावल्याची बातमी. सरकार एकदम जागं झालं. विहिरीत पावडर टाकली, तिचा वास असा की चहा प्यालं तरी तोंडात धुण्याच्या सोड्याची चव. बाजार बंद. जत्रा बंद. गावाच्या शिवेवर, सडकेचं दुष्काळी काम चाललं होतं तिथं, आरोग्य खात्यानं तंबू ठोकला, आणि टोचून घेतल्याचा दाखला असल्याशिवाय कुणी शीव ओलांडायची नाही असा हुकूम आला. पारावर मग मतांना काय तोटा! कुणी म्हणे सुईनं माणूस वांझ होतो, कुणी म्हणे पावडरीनं विहीर आटते, कुणी म्हणे टोचलं की आठ दिवस हात उचलत नाही, मग खडी सरकार फोडनार का? सगळे शेवटी बघायचे भावजींकडं. "दादा, तुमी घेनार का?"

"सुई मारून घ्यायला मी काय गोधडी हाय?" भावजी म्हणाले.

एवढं पुरे झालं. निम्मं गाव गोधडी व्हायचं नाही म्हणून बसलं.

तंबूतली नर्सबाई श्रीरामपूरची, ख्रिस्ती. अंगानं काडी, आवाज चर्चच्या घंटेसारखा. ती घरोघर यायची. माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "काकू, तुम्ही तरी घ्या." मी म्हटलं, "घरातल्या मोठ्यांनी घेतली नाही, मी कशी घेऊ?" ती गेली, आणि सुमे, खरं सांगते, मला धडकीच भरली. घरात पाणी भरणारी मी, शिळं-उरलेलं खाणारी मी. संध्याकाळी जेवताना धीर करून म्हटलं, "खुंट्या, मला भीती वाटते, म्हणावं." भावजी ताटावरून उठले, अर्धी भाकरी तशीच ठेवून. मला वाटलं रागावले.

रागावले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अंगणात मरीआईचा गाडा. तुला ठाऊक नसेल, पूर्वी पटकी आली की गावानं लाकडाचा लहान गाडा करायचा, त्यात मरीआईला बसवायची, हिरव्या बांगड्या, नारळ, दहीभात ठेवायचा आणि वाजतगाजत ओढून पलीकडच्या शिवेत नेऊन सोडायचा, की आई, तुझा मान झाला, आता पुढं जा. पुढचं गाव तिला आणखी पुढं ढकलतं. यात एक नेम कडक. गाडा ओढणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर मरीआई त्याच्या पाठोपाठ घरी येते. माझ्या भीतीवर या माणसानं काढलेला इलाज हा! जुना गाडा माळ्यावरून काढला, स्वतः चाकं ठोकली आणि पुढं होऊन दोरी खांद्यावर घेतली. मागं अर्धं गाव, हलगी, हळदीकुंकू.

शिवेवर पोचले तर वाट अडलेली. पलीकडच्या गावानं आधीच पटकीचा मार खाल्लेला, सगळ्यांनी टोचून घेतलेलं. त्यांची दहा-बारा माणसं काठ्या घेऊन उभी. "दाखला दावा."

"अरं, देवीला कसला दाखला?" भावजी म्हणाले.

नर्सबाई तंबूतून बाहेर आली. म्हणाली, "देवीला नको, बाबा. ओढणाऱ्याला पाहिजे."

आता बघ पंचाईत. पुढं जायचं तर सुई, सुई घ्यायची तर दादांचा शब्द जातो, मागं वळायचं तर मरीआई घरी येते. भावजी दोरी खांद्यावर घेऊन पूर्वेकडं तोंड करून उभे राहिले ते राहिलेच. ऊन चढलं. हलगीवाला सावलीला गेला. पलीकडचा एकजण टोमणा मारून म्हणाला, "दादा, तुमची दुसरी दवंडी द्या की." भावजी मान न वळवता सरकारला, पलीकडच्या गावाला आणि नर्सबाईला एकाच दमात शिव्या देत होते. नर्सबाई म्हणाली, "शिव्या देताना दंड मोकळाच असतो, बाबा. या इकडं."

आणि इकडं घरी मला सुरू झालं होतं. सकाळपासून पोटात गोळा, मग एक जुलाब, मग दुसरा, मग मोजायचं भानच राहिलं नाही. दुपारपर्यंत पायात गोळे आले, डोळे खोल गेले. तुझे काका रानातून आले, मला बघितलं आणि तसेच धावत शिवेवर गेले. लांबूनच ओरडले, "दादा! धाकटीला लागलं!"

हे मला पुढं नर्सबाईनं सांगितलं. म्हणाली, काकू, म्हाताऱ्याला कुणी म्हणालं, "दादा, वळू नका." आणि म्हातारा वळला. नुसती मान नाही, दोरी-गाड्यासकट अख्खा वळला. तंबूत शिरला, तिची औषधाची पेटी आणि बाटल्या उचलल्या, मरीआईचा नारळ बाजूला सारून पेटी देवीच्या मांडीशी ठेवली आणि देवीला म्हणाला, "तू बी चल. तू आनलंस, आता तूच निस्तर." आणि नर्सबाईकडं वळून, "बाई, माजं टोचायचं ते मागनं टोचा. आधी चला."

उभ्या गावानं आपली घालवायला काढलेली मरीआई औषधाची पेटी घेऊन घरी परत येताना बघितली. बाया पदर तोंडाला लावून ओट्यावर. गाडा आमच्या अंगणात, त्या रिकाम्या खुंट्याशेजारी उभा केला.

मला धड आठवत नाही. हातात सुई टोचून वर बाटली टांगली होती, आणि ती बाटली धरून तुझे काका उभे होते. नर्सबाईनं उकळून निवलेल्या पाण्यात मीठ-साखर कालवली आणि म्हणाली, घोट घोट पाजत राहा, उलटली तरी पाजा. तुझ्या काकांचे हात तर गुंतलेले. मी डोळे मिटून पडले होते, आणि मला ते पाणी नको होतं. काहीच नको होतं. तेव्हा माझ्या तोंडाशी फुलपात्र आलं आणि अगदी जवळून आवाज आला, "पोरी, घोट घे."

मी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतायत.

"तुला सांगतोय," भावजी म्हणाले. "खुंट्याला न्हाई. घे."

मी घेतला गं. वीस वर्षांत पहिल्यांदा थेट बोलले, मोडायचा कसा शब्द? दिवेलागणीपर्यंत ते तसेच बसून होते, आणि मला लघवीला झाली, म्हणजे धोका टळला, म्हटल्यावर नर्सबाई एवढ्यानं हसली की अंगणातलं गाव दचकलं. अंगणात गाव होतंच. मरीआई का परतली ते बघायला झाडून सगळे आले होते, आणि नर्सबाईला दारोदार हिंडून जी माणसं सापडत नव्हती ती एका जागी आयती जमली होती. भावजी बाहेर गेले, सदऱ्याची बाही वर केली आणि म्हणाले, "हे झालं माझं. आता सरकारचं ऐका." पहिली सुई त्यांना. "गोधडी शिवा," म्हणाले. त्यांच्यामागं रांग लागली ती अशी, की कंदील लावावा लागला. माझ्यानंतर आणखी दोन-तीन घरी लागलं, पण सगळी उठली. एकही गेलं नाही. अजून आठवलं की मी गार पाण्यानं तोंड धुतल्यासारखी होते.

आठ दिवसांनी मी उठून चुलीपुढं बसले. भाकरी वाढली. भावजी ओसरीच्या टोकाकडं बघून म्हणाले, "खुंट्या, धाकटीला म्हनावं, अजून आठ दिवस पानी भरू नको. मी भरतो." बस्स. त्या दुपारचं एका शब्दानं पुन्हा कधी निघालं नाही. मीही काढलं नाही. सरकारवरची मतं मात्र परत पूर्वीसारखी. परवाच दवंडीमागं जाऊन बस उशिरा येण्याबद्दल तासभर बोलून आले.

म्हैस छावणीतून आली ती हाडांचा सापळा होऊन, आणि यंदा गेली. खुंटा वाळवीनं खाल्ला. गाडा आहे अजून, त्यात मी शेण्या-गोवऱ्या ठेवते. भावजींचं वय झालं आता. भिंत, खांब, तांब्या, जे समोर येईल त्याच्याशी बोलतात, आणि कधी कधी बोलायला तोंड उघडून इकडंतिकडं बघत राहतात, मग तसंच मिटतात. मी दाराआड उभी असते. मला कळतं, त्यांना मलाच काही सांगायचं असतं.

म्हणून म्हणते, सुमे, हसायचं तेवढं हसून झालं असेल तर ये लवकर. चार दिवसांची रजा काढ आणि शेवगावची गाडी धर. ओसरीच्या टोकाला तुझं अंथरूण घालते. तू मधे बसलीस की त्यांना माझ्याशी बोलायला सोपं जाईल.