चाक कुठल्या बाजूला

माझ्या आईला मोटारीतलं काही कळत नव्हतं. बाबा काळी-पिवळी टॅक्सी चालवायचे, म्हणजे आमचं पोट मोटारीवरच होतं, तरी इंजिन पुढे असतं की मागे हे आईला धड सांगता आलं नसतं. पण एका वर्षी ती एका जपानी कंपनीच्या झाडून सगळ्या मोटारी ओळखायला शिकली. चित्र समोर धरलं की ती आधी एकच गोष्ट बघायची, चाक कुठल्या बाजूला आहे. स्टेअरिंगला ती चाक म्हणायची.

हे सगळं माझ्या मोठ्या भावामुळे, दादामुळे. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आम्ही नुकतेच बोरिवलीची चाळ सोडून चारकोपला आलो होतो. तिथे सेक्टर आखले होते, रस्ते रुंद आणि सरळ होते आणि त्यांच्यावर कुत्र्यांशिवाय कोणी नव्हतं. बाबा म्हणायचे, इथे रस्ते आधी जन्माला आले आणि माणसं मागून येणार आहेत. दादा बारावीत दोनदा आपटला आणि बाबांबरोबर टॅक्सीवर बसायला लागला. हात चांगला होता त्याचा. मग कुणीतरी अंधेरीच्या एका एजंटाचं नाव सांगितलं.

काम आखातातलं. तिथे एक मोठा व्यापारी त्या जपानी कंपनीच्या मोटारी विकायचा. बोटीतून उतरलेल्या कोऱ्या गाड्या बंदरावरून गावोगावच्या दुकानांत चालवत न्यायच्या, एवढंच काम. पण तिथे गेल्यावर परीक्षा होती. गाड्यांची माहिती विचारणार, मग रस्त्यावर चालवून बघणार, आणि नापास झालात तर परतीचं विमान. एजंटाने अभ्यासाला म्हणून कंपनीचं एक जाडजूड रंगीत पुस्तक दिलं. दादाने शाळेच्या एकाही पुस्तकाला इतकं व्यवस्थित कव्हर घातलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या पुस्तकात जग वाटून दिलेलं होतं. अमेरिकेसाठी लांबलचक गाड्या, ज्यांच्या मागच्या सीटवर आमचं अख्खं घर झोपलं असतं. युरोपसाठी आटोपशीर डिझेल गाड्या, आत हीटर. आखातासाठी उंच, रुंद, वाळूत न रुतणाऱ्या, दोन-दोन टाक्यांच्या. आफ्रिकेसाठी साधे पत्र्याचे पिकअप, ज्यांच्यावर शोभेचं म्हणून काही नाही. मजा म्हणजे कितीतरी गाड्या मुळात एकच होत्या. एका देशात एक नाव, दुसऱ्यात दुसरं. इथे दिवे गोल, तिथे चौकोनी. सासरी जाऊन नाव बदललेल्या बायकांसारख्या. शेवटच्या पानांवर आपण होतो. आपल्यासाठी एक छोटी पांढरी गाडी. बाबांनी ते पान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बाकीच्यांना वाढून झाल्यावर आपल्याला खरवड."

संध्याकाळी जेवणाआधी दादाची परीक्षा व्हायची. मी पान उघडून नाव झाकायचे, दादा देश सांगायचा, आणि चुलीशी बसलेली आई न चुकता विचारायची, "चाक खंयच्या बाजूक आसा?"

बहुतेक वेळा चाक डावीकडे असायचं. म्हणजे त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालायच्या, आपल्या नेमक्या उलट. आईच्या जिवाला घोर होता तो ह्याचाच. शेजारच्या सेक्टरमधल्या एका बाईचा भाचा आखातात असाच ड्रायव्हर म्हणून गेला होता. एका वळणावर तो सवयीने डावीकडे शिरला आणि पेटीतून परत आला. आईने ती पेटी स्वतः पाहिली होती. दादा नापास होऊन आला असता तर तिने देवाला नारळ दिला असता. तिला भीती होती ती एवढीच, की हा पास होईल आणि मग कधीतरी विसरेल.

बाबांनी तिला सांगितलं, "सवय मोडूक सवयच लागता. ती मी लावतंय."

डाव्या चाकाची गाडी आणणार कुठून? मग बाबांनी आपल्या डोक्याने मार्ग काढला. घरी दादा खाटेवर बसायचा, पुढ्यात परात धरायची, उजव्या हाताशी लाटणं. परात म्हणजे स्टेअरिंग, लाटणं म्हणजे गियर. उजव्या हाताने गियर टाकायची सवय व्हावी म्हणून. मी त्याच्या उजवीकडे पॅसेंजर. आई चपात्यांना लाटणं मागायची तेव्हा बाबा सांगायचे, थांब, गाडी चढावर आहे. आम्ही खूप हसायचो त्या दिवसांत.

आणि सकाळी बाबा त्याला टॅक्सी घेऊन चारकोपच्या मोकळ्या रस्त्यांवर न्यायचे. टॅक्सी आपलीच, चाक उजवीकडेच, पण चालवायची रस्त्याच्या उजव्या अंगाने. वळायचं उजवीकडून, थांबायचं उजवीकडे. मी मागे बसायचे. बाबांच्या हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र असायचं. गाडी जरा डावीकडे झुकली की दादाच्या दंडावर फटका. आधी फटके फार पडले, मग कमी झाले. एक दिवस वर्तमानपत्र उघडून बाबांनी ते चक्क वाचायला घेतलं. दादा गाडी बोलत बोलत चालवत होता आणि ती आपसूक उजव्या अंगाने जात होती. घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "हात बसलो झिलाचो. आता काळजी करू नको." गावाकडे मुलाला झील म्हणतात.

दादा पास झाला.

तिकडून त्याच्या कॅसेट यायच्या. पत्रं लिहायचा त्याला कंटाळा. ओळखीचं कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्याबरोबर टेपरेकॉर्डरच्या कॅसेट. पहिल्या खेपेला तर टेपरेकॉर्डरसुद्धा आला. दादा बंदरावरच्या गोदामात फिरत बोलायचा. "आई, ऐक, ही आपल्या पुस्तकातली आफ्रिकेची." मग दार आपटल्याचा टणटणीत आवाज. "आता ही युरोपची." धप्प, मऊ आवाज. "काय फरक आहे ना? एकाच बापाच्या पोरी." तिथून कितीतरी गाड्या पुढे दुसऱ्या देशांत जायच्या, त्यामुळे त्याला पुस्तकातली बहुतेक जमात भेटली होती. आपली छोटी पांढरी मात्र नाही. ती आपल्याकडेच तयार व्हायची आणि आपल्याकडेच विकली जायची.

आई उत्तराची कॅसेट भरायची. काय जेवतोस, ऊन किती आहे, गावाला आजीचं कसं आहे. आणि शेवट दर वेळी तोच: "उजव्या बाजून चलव रे झिला." पुढे ते तिच्या तोंडात इतकं बसलं की देवापुढे दिवा लावतानाही ती तेच पुटपुटायची. त्या पोरासाठी तेवढा एकच मंत्र तिला येत होता.

दोन वर्षांनी दादा सुट्टीवर आला. जाडा झाला होता, अत्तराचा वास येत होता, आणि बोलताना मध्येच हिंदी घुसायची. आई त्याला हात लावून लावून बघायची. विमानतळावरून येताना त्याने रस्त्यात ती छोटी पांढरी गाडी पहिल्यांदा पाहिली आणि बाबांना टॅक्सी थांबवायला लावली. खाली उतरून त्याने तिच्याभोवती चक्कर मारली, खिडकीतून आत डोकावला. तिच्या मालकाला वाटलं, गिऱ्हाईक आहे. परत येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, झकास आहे यार. दोन वर्षं सगळ्या जगाच्या गाड्या चालवल्या, आपलीच राहिली होती." बाबा म्हणाले, "पुढच्या खेपेला घे." दादा म्हणाला, "घेऊ ना."

त्या आठवड्यात मुलुंडला मुलगी बघायला जायचं ठरलं. सकाळी बाबा दाढी करत होते. दादा म्हणाला, तोवर मी पेट्रोल भरून आणतो. आला तेव्हापासून त्याने गाडी हातात घेतली नव्हती. बाबांनीच सगळीकडे फिरवलं होतं. त्याने किल्ली घेतली. मी आणि आई दारात उभ्या होतो. तो गाडीचं दार उघडत होता तेव्हा आई म्हणाली, "उजव्या बाजून चलव रे झिला."

सवयीने म्हणाली. दादाने मान वर करून पाहिलं, हसला, आणि म्हणाला, "हो गं आई."

तीच टॅक्सी, तेच रस्ते, आणि पुढे मागे चिटपाखरू नाही. कुणाच्या मागून जायचं असतं तर कदाचित हात आपोआप डावीकडे गेला असता. सेक्टरच्या टोकाला वळण होतं. पाण्याचा टँकर त्याच्या बाजूने, बरोबर चालला होता. दादाही त्याला शिकवलेल्या बाजूनेच चालला होता.

कंपनीला बरं. प्रत्येक देशासाठी चाक इकडून तिकडे करून देते. माणूस एकच असतो, तोच इकडे आणि तोच तिकडे, हे मला त्या दिवशी फार रागाने कळलं. तो राग अजून आहे, आणि तो कुणावर काढायचा हे अजून समजलेलं नाही.

पोलीस चौकीत टँकरवाल्याला बसवून ठेवलं होतं. पोरगेला माणूस होता. हवालदाराने बाबांना चहा दिला. बाबांनी तो टँकरवाल्यापुढे सरकवला. म्हणाले, "याला सोडा साहेब. हा त्याच्या बाजूने येत होता." हवालदार म्हणाला, "म्हणजे तुमचा मुलगा राँग साइडला होता." बाबा म्हणाले, "मुलाची चूक लिहू नका. ह्याच गाडीत, ह्याच रस्त्यावर, मी त्याला मारून मारून उजव्या बाजूला घातला. माझी चूक लिहा." हवालदाराने पेन खाली ठेवलं. असं लिहायची सोय नाही, म्हणाला.

त्यानंतर बाबांचं ते सुरू झालं. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, मी मारला. भेटायला आलेली माणसं, नशीब, वेळ, असं काहीबाही म्हणायची. बाबा ऐकायचे नाहीत. आई मात्र आमच्याबरोबर जेवायची नाही. आम्हाला वाढायची, आणि नंतर मोरीपाशी उभ्या उभ्या कोरडं काहीतरी तोंडात टाकायची. मला वाटायचं, ती बाबांना माफ करत नाहीये. खरं सांगायचं तर मीही तेव्हा बाबांना पुरतं माफ केलं नव्हतं.

एका दुपारी जेवताना बाबांचं पुन्हा तेच निघालं. आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"तुमी नाय," ती म्हणाली. "मी सांगलंय तेका. दारात. उजव्या बाजून चलव म्हणान." मग म्हणाली, "तेना माझा आयकल्यान."

इतके महिने ती हे एकटी घेऊन बसली होती. बाबांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. ते आत दाढी करत होते. त्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी ताट बाजूला केलं आणि माझ्याकडे पाहिलं. बाबांचे तसे डोळे मी पूर्वी पाहिले नव्हते. ते मला विचारत नव्हते, मागत होते.

"तू होतंस मां गो दारात?" ते म्हणाले. "तेना आयकल्यान?"

आईही माझ्याकडे बघत होती. हो गं आई, हे दादाचे शेवटचे शब्द. आम्हा दोघींखेरीज ते कुणी ऐकले नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "तो गाडीत बसला होता, दार लावून. इंजिन चालू होतं. काचा वर होत्या."

"तो हसलो," आई म्हणाली.

"माझ्याकडे बघून हसला, आई. मी त्याला नवरदेव म्हणून चिडवत होते. तू बोललीस ती गाडी सुटता सुटता."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं आठवत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. बाबांनी हात लांब करून एक रिकामं ताट ओढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. मी त्यात भात वाढला, वर आमटी घातली. तिने पदराने तोंड पुसलं, मांडी घातली, आणि ती आमच्यात बसून जेवली.