समुद्रगायीची दौड आणि माझ्या हातातली दोरी

मंडळी, आज सकाळी गंगाखेडात समुद्रगायी, म्हणजे समुद्रातले ते दुर्मिळ गवतखाऊ प्राणी, वाचवण्यासाठी दौड होती. माझं धावणं देवालाही बघवणार नाही, म्हणून धावणाऱ्यांच्या आड कुणी येऊ नये यासाठी आयोजकांनी मला नदीच्या वाटेवर दोरी धरून उभं केलं.

तेवढ्यात एक मेंढपाळ बाई कळप घेऊन आल्या. "गुरुजी, ही माणसं कामून पळायलीत?"

मी एक सुभाषित म्हटलं आणि भूतदयेवर सविस्तर बोललो. पाण्यातल्या त्या बिचाऱ्या जिवाचं वर्णनही केलं.

"ती गाय पाण्यातच हाय न्हवं? माझी मेंढरं लय तहानलीत. दोरी सोडा की!"

सोडली. धावणारे खोळंबले, आयोजक ओरडले, मेंढरं पाण्याला लागली.

तेव्हापासून चैन नाही. बाई बोलल्या नसत्या, तर भूतदया सांगत मी दोरी तशीच धरून राहिलो असतो. खरं सांगा, कुणी न सांगता तुम्ही तरी सोडली असती?