तळं लहान, पंगत मोठी

माझी मुलगी जन्मली तेव्हा आई वेंगुर्ल्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आम्ही ओहायोत, कोलंबसच्या बाहेर डब्लिनला राहत होतो. आमच्या रस्त्यावर घरं नवी होती, झाडं अजून माणसाएवढीसुद्धा झाली नव्हती, आणि मागचं अंगण संपलं की थेट सोयाबीनचं शेत लागायचं. नवरा सकाळी गाडी घेऊन ऑफिसला जायचा तो सहाला परत. मी लॅबमधून रजा घेतलेली. दिवसभर घरात आई, मी आणि बाळ.

आईनं सुटकेसमधून डिंक, अळीव, बाळंतशेपा, आमसुलं, तिरफळं असं सगळं आणलं होतं. एकच गोष्ट तिला आणता आली नव्हती, ती म्हणजे ताजा मासा. बाळंतिणीला माशाचं पातळ कालवण मिळालंच पाहिजे, त्याशिवाय दूध उतरत नाही, असं तिचं ठाम मत. मी तिला सुपरमार्केटात घेऊन गेले. काचेमागे बर्फावर पांढऱ्या वड्या मांडून ठेवल्या होत्या. आई बराच वेळ वाकून बघत राहिली.

"यांची डोकी कुठे आहेत?"

"इथे डोकं काढूनच विकतात, आई."

"डोळे न बघता मासा घ्यायचा? आणि हे लोक घेतात?"

तिनं काहीही घेतलं नाही. 

दुपारी बाळ झोपलं की आई फिरायला जायची. पाचवारी साडी, वर माझा स्वेटर आणि पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट. एक दिवस ती नेहमीपेक्षा उशिरा आली आणि दारातूनच म्हणाली, "मागच्या शेतात तळं आहे. एक म्हातारा मासे पकडतो आणि परत पाण्यात टाकतो. डोक्यावर परिणाम झालाय की काय बघून ये."

दुसऱ्या दिवशी बाळाला स्ट्रोलरमध्ये घालून मी तिच्याबरोबर गेले. शेताच्या खोलगट कोपऱ्यात एकरभराचं तळं होतं. पूर्वी गुरांच्या पाण्यासाठी खणलेलं. काठाला लाकडाचा छोटा धक्का, आणि त्यावर डोक्याला टोपी घातलेला, सत्तरीचा, उंच, हडकुळा शेतकरी. त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यानं जमीन दुसऱ्याला कसायला दिली होती, हे नंतर कळलं. आईला बघून त्यानं टोपी काढली.

मी आमची ओळख सांगितली. तेवढ्यात त्याच्या गळाला मासा लागला. हिरवट अंगाचा, बाजूला काळा पट्टा, तोंड हे एवढं मोठं. "लार्जमाउथ बास," तो म्हणाला, गळ काढला आणि मासा पुन्हा सोडायला वाकला.

"थांबव त्याला!" आई मराठीत ओरडली. माझ्या भाषांतराची गरजच पडली नाही. तो थांबला. आईनं हात पुढे केला. त्यानं जरा विचार करून मासा तिच्या हातात ठेवला.

आईनं आधी कल्ले उघडून पाहिले. मग मासा आडवा धरला, पोटावरून अंगठा फिरवला, डोकं आणि अंग यांचा अंदाज घेतला. वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात ती पापलेट उचलायची तेव्हा कोळणी सावध व्हायच्या, ते मला आठवलं.

"जबडा जिताड्यासारखा आहे," ती म्हणाली. "पण हा उपाशी आहे. डोकं मोठं, अंग वाळलेलं. विचार त्याला, इथे सगळे असेच लागतात का?"

मी विचारलं. म्हातारा म्हणाला, हो, सगळे असेच, वीतभर. "तळं छोटं आहे ना, मॅम. छोट्या तळ्यात छोटाच मासा. मोठा बास हवा असेल तर मोठ्या लेकवर जावं लागतं. माझे वडील हेच सांगायचे."

मी ते आईला सांगितलं. तिनं मान हलवली. मग काठाकाठानं थोडी चालून आली, पाण्यात वाकून वाकून बघत.

"काठाला पिल्लं नाहीत," ती म्हणाली. "छोटी मासळी असते ना, चमचमणारी, ती दिसतच नाही. हे सगळे मिळून ती खाऊन बसलेत. त्याला सांग, तळं लहान म्हणून मासा लहान नाही. पंगत मोठी आहे. पानात वाढायला काही उरलेलं नाही."

हे इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली. पंगत म्हणजे काय, पान म्हणजे काय, सगळं समजावून सांगावं लागलं. शेवटी मी म्हटलं, "आईचं म्हणणं आहे, तुमच्याकडे जेवायला पाहुणे फार झालेत. काहींना उठवा."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. पंधरा वर्षं त्यानं त्या तळ्यातला एकही बास मारला नव्हता. मासे मारलेलं त्याच्या बायकोला आवडायचं नाही. मासे जपले, वाढू दिले, की आज ना उद्या मोठे होतील अशी त्याची समजूत. आणि ही साडीतली बाई येऊन सांगते की तुझ्या जपण्यानंच ते उपाशी राहिले. आईच्या हातातला मासा मात्र त्यानं तिलाच देऊन टाकला, वर्तमानपत्रात गुंडाळून.

परतताना मी आईवर चिडले. "ओळख ना पाळख, कशाला बोलायचं असं?"

"मासा बोलला," आई म्हणाली. "मी फक्त सांगितलं."

त्या संध्याकाळी आमच्या घरात पहिल्यांदा माशाचं कालवण झालं. गोड्या पाण्याच्या माशाला आई एरवी नाक मुरडायची. चिखलाचा वास येतो म्हणायची. तिनं तो हळद-मीठ लावून, आमसुलाच्या पाण्यात तासभर ठेवला, आणि तिरफळं ठेचून टाकली. नवरा नागपूरचा, मासे न खाणारा. तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "एक्झॉस्ट फॅन चालू करू का?" आईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एका वीतभर माशाचं कालवण ते किती होणार? पण मी दोन वेळा भात घेतला आणि का कोण जाणे, जेवता जेवता मला रडू आलं. बाळंतपणात येतं तसं. आई म्हणाली, "तिखट लागलं का?" आणि वाटीत आणखी वाढलं.

चार-पाच दिवसांनी दाराची बेल वाजली. म्हातारा उभा होता, हातात बादली. त्यात सहा बास. त्यानं टोपी काढून मला सांगितलं की त्याला त्या दिवशीपासून झोप लागली नव्हती. शेवटी त्यानं काउंटीच्या शेतीखात्यात फोन केला. तिथल्या तज्ज्ञ माणसानं विचारलं, मासे डोक्यानं मोठे आणि अंगानं बारीक आहेत का? काठाला ब्लूगिलची छोटी मासळी दिसते का? आणि मग म्हणाला, बास फार झालेत, छोटे छोटे काढून खाऊन टाका, उरलेले आपोआप मोठे होतील. छोट्या तळ्यातसुद्धा दांडगा बास होतो.

"शब्दन् शब्द तुमच्या आईचा," तो म्हणाला. "फक्त तो माणूस कॉलेजात शिकला होता."

मी भाषांतर केलं. आईनं बादलीत डोकावून पाहिलं, आणि त्याला आत बोलावून चहा दिला.

मग ठरलंच. वीतभर आणि त्याहून लहान बास सगळा काढायचा. वितीच्या वर गेलेला आणि अंगानं भरलेला परत सोडायचा. ब्लूगिलला हात लावायचा नाही, कारण तेच त्यांचं अन्न. म्हाताऱ्यानं आईसाठी एक हलकी काठी आणि घडीची खुर्ची आणली. पहिल्या दिवशी ती "मी बाजारातून आणणारी बाई, पकडणारी नव्हे," म्हणून नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मी स्ट्रोलर ढकलत पोचले तेव्हा तिनं पदर खोचला होता आणि गळाला लागलेला मासा ओढत होती, आणि म्हातारा बाजूला उभा राहून "इझी, इझी" म्हणत होता. आईला वाटत होतं तो माशाचं नाव सांगतोय.

ती त्याला 'दादा' म्हणू लागली. त्यानं मला अर्थ विचारला. मोठा भाऊ, मी म्हटलं. तो म्हणाला, "आम्ही पाच भाऊच होतो. बहीण नव्हती." आणि लगेच गळाला नवीन अळी लावण्यात गुंतला.

तो संपूर्ण उन्हाळा आम्ही बास खाल्ला. कालवण, तळलेला, आंबट-तिखट, आणि हिरव्या मिरचीचा सुका. तळायच्या बाबतीत दोघांचं भांडण झालं. आई रव्यात घोळवायची, तो मक्याच्या पिठात. एका रविवारी त्याच्या अंगणात दोन कढया लावून स्पर्धा झाली. परीक्षक माझा नवरा, म्हणजे ज्यानं आयुष्यात मासा खाल्ला नव्हता तो. सासूबाई समोर उभ्या, आणि म्हातारा आपल्या घरचा यजमान. बिचाऱ्यानं दोन्हीकडचे तुकडे खाल्ले, घाम पुसला आणि म्हणाला, "मका कुरकुरीत आहे, रवा चविष्ट आहे." त्या दिवसापासून तो मासे खायला लागला, ही आमच्या घरातली त्या उन्हाळ्याची सगळ्यात मोठी घटना. म्हाताऱ्याला मात्र कालवण झेपायचं नाही. तो एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात दुधाचा ग्लास घेऊन बसायचा, नाक लाल व्हायचं, पण वाटी संपवायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी आई परत गेली. निघताना तिनं त्याला बजावलं, "थांबायचं नाही. पुढच्या वर्षीही काढत राहायचं." त्यानं ते मनावर घेतलं. मी नोकरीवर रुजू झाले होते, तरी दर शनिवारी त्याची बादली आमच्या मागच्या पायरीवर यायची. निळ्या एरोग्रामवर मी आईला बाळाच्या दातांबरोबर तळ्याचीही खबर लिहायची. पुढच्या मे महिन्यात काठाला ब्लूगिलची पिल्लं दिसली. त्यानंतरच्या वर्षी बासचं अंग भरू लागलं. आईचं उत्तर यायचं, त्यात आधी बाळाला पापा, मग सूचना. मासा पाठीकडून बघायला सांग. वरून बघितलं की खरं कळतं.

तीन वर्षांनी ती पुन्हा आली. म्हातारा विमानतळावर येतो म्हणून हटून बसला होता. आम्ही त्याला कसंबसं थांबवलं, तर आमच्या गाडीआधी तोच आमच्या दाराशी येऊन उभा. दुसऱ्या दिवशी आईचा जेटलॅगही उतरला नव्हता, तरी सकाळी दोघं धक्क्यावर. मी मुलीचा हात धरून पाठोपाठ.

अर्धा तास काही लागलं नाही. मग आईच्या काठीचं टोक एकदम पाण्यात शिरलं. ती उठली आणि खुर्ची मागे पडली. दोरा सुंसुं करत सुटायला लागला. म्हातारा धावत आला, पण काठीला हात लावला नाही, नुसता दोन्ही तळवे पुढे धरून उभा राहिला. तळ्याच्या मधोमध मासा पाण्याबाहेर उसळला आणि डोकं झटकून धप्पकन पडला. माझी मुलगी किंचाळली, "आजी, इट्स अ शार्क!"

"ओढू नकोस, थकू दे," आई स्वतःलाच सांगत होती. तिचा श्वास चढला होता, धक्क्यावरून काठाला उतरताना एक बूट पाण्यात भिजला होता. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी म्हातारा काठावर गुडघे टेकून बसला आणि जाळीनं त्यानं मासा उचलला.

आईनं वितीनं मोजला. दोन विती आणि वर चार बोटं. पाठ रुंद, पोट भरलेलं, डोकं आता अंगाला शोभणारं. म्हाताऱ्यानं खिशातून छोटा ताणकाटा काढला. काटा सहा पौंडांच्या जरा अलीकडे थांबला. तो तसाच बसून राहिला, गुडघे चिखलात. "माझ्या तळ्यात," तो म्हणाला. मग पुन्हा, "माझ्या तळ्यात." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसत होता.

मग त्यानं टोपी काढून आईला सांगितलं, मासा तुमचा आहे, घरी न्या. मी भाषांतर करताना मनात म्हणत होते, आई, नाही म्हण.

आईनं माशाकडे पुन्हा एकदा पाहिलं. "मादी आहे," ती म्हणाली. "एवढ्या थोराड माशाला चव नसते, चरबट लागतो. आणि ही राहिली तर बारक्यांना खाईल, तुझी मेहनत वाचेल. सोड."

त्यानं मासा पाण्यात हळूच धरला. क्षणभर तो तसाच थांबला, मग शेपटीचा एक फटका मारून गेला. आईच्या साडीवर सगळं पाणी उडालं. कॅमेरा घरी राहिला होता, हे आम्हाला दुपारी जेवताना आठवलं.

पण बातमीला फोटो लागत नाही. म्हाताऱ्यानं ती गुरांच्या खाद्याच्या दुकानात, फीड-स्टोअरमध्ये सांगितली, चर्चमध्ये सांगितली. दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी आमच्या दाराशी एक अनोळखी पिकअप थांबला. ओव्हरऑल घातलेला शेतकरी उतरला, हातात बर्फानं भरलेला कूलर. त्यानं नवऱ्याला विचारलं, "मासा बघणाऱ्या बाई इथेच राहतात का?"

आई पोळ्या लाटत होती. तिनं हात धुतले, चष्मा लावला, कूलरमधला बास उचलून पाठीकडून बघितला, मग पोटाकडून, मग कल्ले उघडले. शेतकरी टोपी हातात धरून वाट बघत उभा होता.

"याला काही झालेलं नाही," आई मला म्हणाली. "चांगला खाऊन-पिऊन आहे. याच्या तळ्याला हात लावू नको म्हणावं. आणि विचार, हा मासा परत न्यायचाय का त्याला?"