म्हाळसाबाईचं मुकं पोट

खाटेभोवतीचा हिरवा पडदा सरकला आणि संभाजीनगरच्या त्या दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड म्हाळसाबाईपुढं उघडा झाला. उतरतं ऊन. खाटांची रांग. कुणी बोलत नव्हतं, कण्हत नव्हतं. प्रत्येक खाटेवर एक बाई उशीला टेकलेली, नजर समोरच्या भिंतीवर, आणि जबडा सावकाश हलतोय. पुढ्यात ताट नाही, हातात घास नाही. तरी सगळ्यांचे जबडे हलत होते.

म्हाळसाबाईनं आपलं तोंड घट्ट मिटलं.

सोयगावकडच्या रानात तिचा जन्म मेंढरांमागं गेला होता. एका साली कळपानं विषारी पाला खाल्ला. दिवस कलताना मेंढरं अशीच गप बसली, रिकामी तोंडं हलवत, जणू डोळ्यांना न दिसणारं कुणी त्यांना चारतंय. अंधार पडायच्या आत एकेकीची मान जमिनीला टेकली. तेव्हापासून त्यांच्या घरात ताकीदच होती, रिकाम्या तोंडानं चावायचं नाही. पोरांनीसुद्धा नाही.

कॅन्सरची गाठ निघाली म्हणून डॉक्टरांनी तिची गर्भपिशवी काढली होती. पोटावर लांबलचक टाके, आणि टाक्यांखाली पोट मुकं. आतडी जागी झाल्याशिवाय जेवण नाही, घर नाही. "वारं सरलं का, मावशी?" आशाबाई सिस्टर येता-जाता विचारायची आणि म्हाळसाबाई भिंतीकडं तोंड फिरवायची. सिस्टरनं सगळ्यांसारखं तिलाही चघळायला दिलेलं च्युइंगगम तिनं गालात धरलं, पाठ वळताच काढून फडक्यात बांधलं.

उशाशी बसलेल्या नणंदेनं, पुतळाबाईनं, ते पाहिलं.

"वयनी, चोरी करती व्हय?"

"ह्या समद्या जाणार बघ, पुतळे. त्यांला कोण तरी चारतंय."

पुतळाबाईचं हसू मावळलं. तो कळप तिनंही पाहिला होता. मेंढीच्या कुशीला लावतात तसा तिनं टाके चुकवून वहिनीच्या पोटाला कान लावला. बराच वेळ तशीच राहिली.

"काय ऐकू येतंय?"

"काय नाय. कोरड्या हिरीत डोकावल्यावानी वाटतंय."

तेवढ्यात सिस्टर आली. "पोट फुगत चाललंय, मावशी. असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागंल. तोंड हललं की पोटाला वाटतं जेवण आलं, मग ते जागं होतं. चघळा, आणि थोडं चाला."

"दोन द्या, शिष्टर," पुतळाबाई म्हणाली. "आमी जोडीनं चघळतो. दोघी बी मेलो तर दादाला कळंल भाकरी कोण थापतंय ते."

म्हाळसाबाईनं डोळे मिटले आणि दात हलवले. कुणाची तरी गार बोटं ओठांशी आल्यासारखी वाटली. पण पोटातल्या त्या शांततेचं भय आता जास्त होतं. ती चघळत राहिली. नणंदेच्या खांद्याला धरून व्हरांड्यात चालून आली, तर शेजारची खाट रिकामी. चादर सपाट. तिनं नणंदेचा खांदा घट्ट आवळला.

"घरी गेल्या त्या," सिस्टर म्हणाली. "पेज पचली, सुट्टी मिळाली."

म्हाळसाबाईला ते खरं वाटलं नाही. खाटेवर बसून ती दारातल्या सावल्या बघत राहिली, जबडा हलवत. आणि मग खोल आत काहीतरी वळलं, मातीखाली झोपलेल्या कुणी कूस बदलावी तसं. एक लांब गुरगुर पोटभर फिरली. रांगेतले सगळे जबडे थांबले. सगळ्या नजरा तिच्याकडं वळल्या. त्या शांततेत जे व्हायचं ते झालं, चांगलं मोठ्यानं.

सिस्टर लगबगीनं आली. "मावशी, सरलं का?"

म्हाळसाबाईनं चादर तोंडावर ओढली आणि आतूनच नणंदेला म्हणाली, "तूच सांग तिला. मी काय बोलत नाय."