करडीच्या तेलाचा वास

परवा भरदुपारी टेंभुर्णीला निघालो. सोलापूर मागं पडलं आणि नव्या गाडीत जळक्या तेलाचा वास आला. हा वास ओळखीचा होता.

मी कॉलेजात असताना आमच्या जुन्या गाडीला तो फक्त टेंभुर्णीच्या रस्त्यावर यायचा. मंद्रूपला, अक्कलकोटला जाताना कधीच नाही. वडिलांनी इंजिनचं पॅकिंग दोनदा बदललं, तरी तेच. शेवटी एकदा तिथून परतल्या परतल्या त्यांनी मिस्त्रीला घरी बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, आतला एक ओघळ बोटावर घेतला आणि हुंगला.

"ह्ये इंजिनचं न्हाय, मालक. करडीचं तेल हाय की."

आई दारात उभी होती. "मीच घालते," ती वडिलांना म्हणाली. "तुमी टेंभुर्णीला निघालात की गाडीच्या कपाळावर घालते. माझा भाऊ त्याच वाटंवर गेला."

मिस्त्रीनं बॉनेटची फट पुसली. "वहिनी, तेल आत उतरतंय, आग लागंल. चाकावर घाला."

ती चाकावर घालू लागली आणि वास थांबला. मला तेव्हा तिचं हसूच आलं होतं.

परवा मी गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना ज्वारी, पण एक पान हलत नव्हतं. बॉनेट उघडून सगळीकडं फडकं फिरवलं, ते कोरडंच निघालं. आईला जाऊन सहा वर्षं झालीत. आत येऊन बसलो, तर वास आणखी दाट झालेला.

टेंभुर्णीत माणसं माझी वाट बघत होती. मी गाडी घराकडं वळवली.