आबांचा साडेसातचा फोन

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. सुहासला, माझ्या धाकट्या भावाला, तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असाल तर चांगली बाई म्हणून ओळखत असाल — आणि तेच तर अवघड होऊन बसलंय.

कोल्हापूरच्या मैत्रिणी म्हणतात, तू किती शांत झालीस गं. खरं आहे ते. वडिलांची शेवटची दोन वर्षं मी नोकरी सोडून तोंडवळीला त्यांच्याजवळ राहिले. मोबाईल तांदळाच्या डब्यावर ठेवायचा, जेवायच्या वेळेशिवाय हातात घ्यायचा नाही. आबा पडवीत बसून चाचपत चाचपत जाळं सांधायचे आणि बोलायचे — एक वाक्य, मग चार गाठी, मग पुढचं वाक्य. मी नुसती बसून असायचे. भरती लागली की समुद्राचा आवाज जड होतो, हे त्या गावात जन्मून मला पन्नाशीनंतर कळलं. शेजारच्या बायका म्हणायच्या, लेक असावी तर अशी. मी ऐकून घ्यायचे.

कशी ऐकून घ्यायचे?

आबा रापणीवर होते, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर. पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आहे ते किनाऱ्यावरून सांगायचे, आणि पन्नास माणसं त्यांच्या शब्दावर जाळं टाकायची. आई गेल्यावर ते घरात एकटे राहिले. सुहास गोव्यात नोकरीला, मी कोल्हापुरात. ते मला रोज सकाळी साडेसातला फोन करायचे. नेमके तेव्हाच — दोन डबे भरायचे, आठ वाजून दहाची बस. मी फोन ओट्यावर ठेवायचे, स्पीकर लावून. ते सावकाश बोलायचे, फार सावकाश. काजूला मोहर कसा आलाय, शेजारी कोण येऊन गेलं. मी पोळी लाटता लाटता ‘हं’ म्हणायचे. ‘होय काय?’ म्हणायचे. मला वाटायचं, रोज बोलते ना मी, एवढं तरी कोण करतं? पण मी बोलत नव्हतेच. ऐकत तर अजिबात नव्हते.

मार्चचे दिवस होते, ऑफिसात कामाचा ढीग. त्या सकाळी आबा नेहमीपेक्षा जरा जास्त बोलले. ‘डोळो’ एवढा एक शब्द माझ्या कानावर आल्याचं आठवतं. मग ते थांबले. काहीतरी विचारलं होतं त्यांनी, आणि उत्तराची वाट बघत होते. मी साहेबांच्या मेसेजला अंगठ्याने उत्तर लिहीत होते. काय म्हणालात, आबा? — एवढं विचारायला किती वेळ लागला असता?

मी म्हटलं, “होय, तसाच करा.”

ते ‘बरा’ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मे महिन्यात गावी गेले तेव्हा आबांनी चहा कपाच्या बाहेर ओतला. मी विचारलं, हे काय? घरात आम्ही दोघंच होतो. ते अगदी साधेपणाने म्हणाले, “डाव्या डोळ्यात काळा इल्यासारख्या दिसता, असा तुका फोनवर सांगितलंय मा. डॉक्टराकडे जाव, की तू येयसर रवू, असा इचारलंय. तू म्हटलंस, तसाच करा. म्हणान रवलंय.” डॉक्टरकडे जाऊ की तू येईपर्यंत थांबू, असं विचारलं होतं त्यांनी, आणि माझ्या ‘तसाच करा’वर ते थांबून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सुहास गोव्याहून आला. आम्ही कणकवलीला गेलो. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा सुटलाय, आता दृष्टी परत येणार नाही. दीड महिना आधी का नाही आणलंत? सुहासने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं हो, संशयानेही नाही. आणि मी आबांकडे वळले. एरवी आबांशी मी मालवणीतच बोलते, पण तिथे शुद्ध मराठीत, डॉक्टरांना नीट कळेल असं म्हटलं, “आबा, तुम्ही मला एका शब्दाने तरी सांगायला हवं होतं.”

आबांनी मान पूर्ण वळवून उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. किती वेळ? मला तो फार वाटला. मग डॉक्टरांना म्हणाले, “सांगूचा इसारलंय.”

तिथून आबा विसरभोळे झाले. सुहासने भिंतीवर कागद चिकटवला — गॅस बंद करा, दाराला कडी लावा. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घातली. ज्या माणसाला पाण्याखालचा एकेक खडक माहीत, त्याच्या खिशात पत्ता! किनाऱ्यावरही बातमी पोचली. रापणीवाले त्यांना बसायला जागा द्यायचे, पण काही विचारायचे नाहीत.

चार वर्षांनी मी तिकडे राहायला गेले. म्हटलं ना, बसायला शिकले, ऐकायला शिकले. आबांचा आवाज कुठे अडतो, कुठे ते मनात हसतात, सगळं कळायला लागलं. एका दुपारी न ठरवता तोंडातून निघालं — आबा, त्या डोळ्याचा...

त्यांनी हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाले, “तेवा तुका घाई होती.” थोड्या वेळाने म्हणाले, “सुहासाक सांगशीत मा?”

मी म्हटलं, सांगतंय.

त्यानंतर आबा आठ महिने होते. सुहास दर पंधरवड्याला यायचा, आमच्याबरोबर जेवायचा, खिशातली चिठ्ठी मळली की नवी लिहून द्यायचा. आबा खिसा पुढे करायचे. मी समोर असायचे — सगळं बघत, सगळं ऐकत, कसलीही घाई नसलेली. आबांनी मला परत विचारलं नाही. आता घाईचंसुद्धा कारण नव्हतं. मग काय होतं? सुहासच्या नजरेतून उतरायचं नव्हतं मला. एवढंच.

तेराव्याला पंगत बसली होती. सुहास पाहुण्यांना सांगत होता, शेवटची काही वर्षं आबांच्या काही लक्षात राहायचं नाही, डोळ्याचं सांगायलासुद्धा विसरले. मग माझ्याकडे हात करून म्हणाला, ताई होती म्हणून निभावलं.

मी पुढच्या पानावर भात वाढला.

आबा काहीही विसरले नव्हते. शेवटच्या दिवसापर्यंत नाही.