मामाच्या स्पोर्ट्स बाईकमागं दोन दिवस: गोरेगाव, येलदरी, औंढा

आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक नको. या प्रवासाला मी धरण आणि देऊळ बघायला गेले नव्हते. मामा गाडी चालवताना चुकतो का, हे बघायला गेले होते. आणि तो चुकावा असं मला बऱ्यापैकी वाटत होतं.

मामा बासष्ट वर्षांचा आहे. गोरेगावात त्याचा हळद शिजवायचा कुकर आणि पॉलिश करायचा ड्रम आहे, हंगामात दोन्ही गावोगाव भाड्यानं जातात. मधे एका वर्षी हळदीला चांगला भाव आला. तेव्हा लोकांनी प्लॉट घेतले, मामानं स्पोर्ट्स बाईक घेतली. निळी, हँडल खाली, सीट मागून उंच, टाकीवर छाती टेकवून बसायची. गावानं महिनाभर चेष्टा केली आणि मग जो तो तिच्यासोबत फोटो काढून गेला.

गेल्या दिवाळीत ती गाडी त्याच्या पायावर पडली. चालवताना नाही, पेट्रोल पंपावर उभी करताना. घोटा सुजला. पुण्याला दिलेल्या लेकीनं फोनवर सांगितलं, विकून टाका. मामीचंही तेच. मामाचं म्हणणं एकच, गाडी उभी असताना पडली, पळताना पडली का? हे भांडण संक्रांतीपर्यंत चाललं. शेवटी मामीनं तोड काढली. हळद निघायच्या आधी मामानं औंढ्याला जाऊन यायचं, मी माझ्या गाडीवर त्याच्या मागं राहायचं, आणि आल्यावर मी सांगेन ते खरं.

मीच का? आमच्या दोन्ही घरांत शाळा पूर्ण केलेली पहिली मी. हिंगोलीत एका खासगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. त्यामुळे मी जे बोलते ते छापील असतं असा घरच्यांचा समज आहे. मामी म्हणाली, "तू लोकायचं रगत बघून खरं सांगतीस, मामाचं बी सांग. त्याला जमत नसल तर गाडी इकायची न्हाई. तुलाच देऊ."

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं.

माझी गाडी शंभर सीसीची, सेकंड हँड, काळी. माझ्या पगारातून घेतलेली आहे आणि माझं तिच्यावर प्रेम आहे, असं मी सगळ्यांना सांगते. मामाची गाडी मी शेतरस्त्यावर दोनदा चालवली आहे. त्यानंतर आपल्या गाडीवर बसलं की पाटावर बसल्यासारखं वाटतं.

पहिला दिवस

शनिवारी सकाळी निघालो. मी हवा दोनदा तपासली, लायसन्स, विमा, पीयूसी एका पिशवीत घातले, पिशवी उघडून पुन्हा बघितली. मामाची तयारी वेगळी होती. त्यानं मिशीला कलप लावला होता. मग गाडी ओट्याला लावली, ओट्यावर चढला आणि तिथून पाय टाकून बसला. मी हे मनात लिहून ठेवलं. मामानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, घोड्यावर बी असंच बसत्यात.

गोरेगाव ते सेनगाव रस्ता बरा आहे, पण गावांजवळचे गतिरोधक रंगवलेले नाहीत. अचानक येतात. स्पोर्ट्स बाईक घेऊन येणाऱ्यांनी ते तिरपे घ्यावेत, नाहीतर गाडीचं पोट घासतं. मामा बराबर तिरपे घेत होता. दोन्ही बाजूंना तूर, हरभरा, मधेच हळदीची पिवळी पडलेली पानं. सकाळी थंडी असते, हातमोजे आणा. माझी गाडी सत्तरला गेली की रडायला लागते. मामाची सत्तरला गुणगुणते. तो जरा पुढं जायचा, वळणाआड दिसेनासा व्हायचा आणि मग झाडाखाली थांबलेला सापडायचा. असं थांबून राहिलेलं माणूस बघून किती राग येतो, हे मागच्यालाच कळतं.

सेनगावात सुशीला आणि चहा घेतला. सुशीला म्हणजे आपल्याकडचे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचे पोहे, वर शेंगदाणे आणि मिरची. दोघांचा नाष्टा शंभराच्या आत. स्टँडजवळ गाडी लावली आणि पोरं जमली. काका, टॉप स्पीड किती? काका, वय किती? मामानं वय सांगितलं की एक हुंकार निघायचा, आणि त्याची मान एक इंच वर जायची. "काका, एक फोटो." मामा हेल्मेट काखेत घेऊन उभा.

माझी गाडी शेजारीच होती. मलाही एकानं विचारलं, फक्त वेगळं. "ताई, तुमचे मिस्टर कुठंयत?"

बासष्टाव्या वर्षी बाईक चालवली तर माणूस हौशी ठरतो. सव्विसाव्या वर्षी मी चालवली तर आई म्हणते लग्न व्हायचंय, शेजारचे म्हणतात कोणी शिकवली, आणि लॅबमध्ये विचारतात स्कूटी का नाही घेतली. तरुणपणी कुणाची परवानगी लागत नाही आणि म्हातारपणी हौस म्हणून कौतुक होतं, हे फक्त पुरुषांचं. मामानं माझं काही हिसकावलेलं नाही, हे मला कळतं. तरी त्या पोरांच्या मोबाईलमध्ये तो हसत होता आणि मी चहाचे पैसे द्यायला गेले होते. तेही त्यानं देऊ दिले नाहीत.

सेनगावहून येलदरी. धरणाजवळ वळणं आहेत आणि पहिल्यांदा पाणी दिसतं तिथं सगळेच थांबतात, तुम्हीही थांबाल. तळलेले मासे मिळतात, ताजे आहेत का विचारून घ्या. इथं मामा गाडीवरून उतरला आणि काही वेळ तसाच वाकलेला राहिला, जणू गाडी अजून खाली आहे. मग दुकानापुढच्या बाजेवर उताणा पडला. मनगटं चोळली, बोटं मोडली. म्हणाला, बुडाची तकलीफ हाय, पर हे रिपोर्टात घालू नको. मी म्हटलं, माझं तर तुझ्याहून जास्त दुखतंय. ते खरंच होतं.

पुढं जिंतूरवरून औंढ्याचा रस्ता. इथं मला मान्य करावं लागलं. वळण यायच्या कितीतरी आधी तो वेग सोडायचा, गाडी सहज झुकायची, आणि बाहेर पडताना आवाज एका सुरात चढत जायचा. मी त्याच वळणांवर ब्रेक दाबत, अंग चोरत जात होते. एका उतारावर शेळ्या आडव्या आल्या. तो शांत थांबला. माझं मागचं चाक सरकलं आणि मी कडेच्या मातीत गेले. पडले नाही. त्यानं मागं येऊन काही विचारलं नाही, फक्त माझ्या गाडीचा आरसा सरळ केला. यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

औंढ्यात देवळाजवळ लॉज साधे आणि स्वस्त आहेत. मुलींनो, ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवा. काउंटरवरच्या माणसानं आम्हाला नातं विचारलं, मामा-भाची म्हटल्यावर लगेच दोन खोल्या दिल्या आणि गरम पाण्याची वेळ सांगितली.

दुसरा दिवस

सकाळी लवकर दर्शन घेतलं. गाभारा खाली आहे, उतरायची वाट अरुंद, बूट आणि जॅकेट घालून जाऊ नका. दर्शन घेऊन बाहेर आलो, ओवरीत टेकलो. तिथं मामानं खिशातून नोट काढली, माझ्या हातावर ठेवली आणि खाली वाकून माझ्या पायांवर डोकं टेकवलं.

आमच्याकडं ही रीत आहे. मामा भाचीला वाकू देत नाही, स्वतः तिच्या पाया पडतो. आणि भाचीनं तोंडानं काही मागितलं तर मामाला नाही म्हणता येत नाही. म्हणूनच शहाण्या भाच्या मामाकडं काही मागत नाहीत. मी लहानपणी एकदा त्याच्याकडं बकरीचं पिल्लू मागितलं होतं, तर आईनं मला घरी आल्यावर मारलं होतं.

उठताना मामानं खांबाचा आधार घेतला. मग बसला आणि म्हणाला, "माग."

"काय मागू?"

"तुला ठावं हाय. कालपासून तू रोड कमी आन गाडी जास्त बघून राहिली."

त्यानं खिशातून किल्ली काढून गुडघ्यावर ठेवली.

"तू मागितली, तर मामानं भाचीला दिली असं व्हईल. तू मामीला जाऊन सांगितलं, तर म्हाताऱ्याकून काढून घेतली असं व्हईल. मला पयलं बराबर वाटतं, माय."

माझ्या तोंडात ते दोन शब्द आले होते. दे मला. इतकंच. त्याच्या गुडघ्यावर किल्ली होती. मी मागितली असती तर तो घरी माझ्या काळ्या गाडीवर आला असता, आणि गावात कोणी काही बोललं नसतं, उलट मामाचं कौतुक झालं असतं. सगळ्यांचं चांगलं झालं असतं. फक्त त्याला गाडी चालवता येते का नाही, हे कुणाला कळलंच नसतं. मी तेच बघायला आले होते आणि अजून तरी मला काही सापडलं नव्हतं. नाही म्हणता येत नाही अशा माणसाकडं मागणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं.

मी म्हटलं, "हिंगोलीपर्यंत जाऊ आधी."

"म्हंजे तपासणी बाकी हाय," मामा म्हणाला. हसला, पण किल्ली उचलताना माझ्याकडं बघितलं नाही.

औंढा ते हिंगोली रस्ता चांगला आहे, वाहनं जास्त. मामा अजिबात न चुकता चालवत होता, जरा रागानंच. हिंगोलीच्या अलीकडं उजव्या हाताला रसवंती दिसली. त्यानं इंडिकेटर दिला आणि उजवीकडं वळला. मागून माझ्या उजव्या बाजूनं एक जीप पुढं निघत होती. मी ओरडले, ते कोणाला ऐकू येणार. जीपचे ब्रेक करकरले, ती मामाच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं, शिवी दिली नाही, फक्त म्हणाला, "चाचा, पीछे भी दुनिया है."

मामा म्हणाला, आरशात काही नव्हतं. खरं बोलत होता. त्या गाडीच्या आरशात आपलीच कोपरं दिसतात, मी चालवली आहे. म्हणून मान वळवून बघावं लागतं. मी त्याला म्हटलं, मामा, मी मागं उभी राहते, गाडीवर बसून उजवीकडून माझ्याकडं बघ. तो वळला. मान वळली नाही, खांद्यासकट सगळा वळला आणि हँडलही वळलं. डावीकडं मान नीट वळत होती.

मला सापडलं. मला आनंद झाला, मग भीती वाटली. हा क्रम बदलून लिहिता आला असता. रस पिऊन आम्ही निघालो.

हिंगोलीहून गोरेगावपर्यंत मी त्याच्या पाठीकडं बघत एकच गोष्ट स्वतःला विचारत राहिले. ही गाडी मला मिळणार नसती, तर मी मामीला काय सांगितलं असतं?

मामी दारातच होती. पाण्याचा तांब्या हातात देत म्हणाली, "सांग." मी उभ्यानंच सांगितलं. ब्रेक माझ्याहून चांगला. वळणं माझ्याहून चांगली. बसायला ओटा लागतो. मनगटं दुखतात, थांबत थांबत जावं. मग जीपचं सांगितलं, आणि उजवीकडं मान वळत नाही हे सांगितलं. मामीचा चेहरा बदलला.

"म्हंजे काढून घ्यावी का?"

मामा ओट्यावर बूट काढत होता. नाडी सोडताना त्याचे हात थांबले.

"नको," मी म्हटलं. "आरसे लहान आहेत. मोठे, लांब दांड्याचे बसवा. अंधार पडायच्या आत घरी यायचं. तेवढं केलं तर चालवू द्या."

मामाला सुटका झाल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. तो भडकला. "मोठे आरसे? ट्रॅक्टरवानी? माझ्या गाडीला?" मामीला इतकं हसू आलं की तिनं पदर तोंडाला लावला. "लाव न्हाईतर दे," ती म्हणाली. मामा माझ्याकडं बघून म्हणाला, "काहून मागितली न्हाई तू? मागितली असती तर परवडलं असतं." जेवायला बसेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

तुम्हाला हा फेरा करायचा असेल तर दोन दिवस पुरतात, जानेवारी उत्तम, शेळ्या आणि गतिरोधक सांभाळा. आई-वडील, काका, मामा कोणी अजून बाईक चालवत असतील तर त्यांना मान वळवून दाखवायला सांगा. मला जे लिहायचं होतं ते एवढंच. बाकी माझं कपाटात ठेवावं असं आहे, पण लपवत नाही. हेवा गेलेला नाही. खरं बोलल्यावर तो जाईल असं मला वाटलं होतं.

गेल्या रविवारी गोरेगावला गेले होते. मामानं आरसे बसवले आहेत, दोन गोल, काळे, दांड्या वीतभर वर आलेल्या. निळ्या गाडीला कान फुटल्यासारखे दिसतात. गावातली पोरं आता फोटो मागत नाहीत. तरी ती मला हवी आहे. सेनगावच्या रस्त्याला तो पुढं, मी मागं, आणि पहिल्यांदाच त्या आरशात मला, हेल्मेटची काच वर केलेलं, त्याचं तोंड दिसलं. त्यालाही मी दिसले असणार, कारण तो हसला आणि वेग कमी केला, मी गाठावं म्हणून. मीही हसले असं त्याला वाटलं असेल. माझ्या हेल्मेटची काच खाली होती, तिच्यातून कुणाला काय दिसतं.